स्वतःच बरा होणारा कूलर

बुऱ्हाणपुरात लोखंडी कूलर तीन उन्हाळे टिकतो. आमचा पाचव्यात होता, आणि त्याला कारण मी.

त्या वर्षी सासऱ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. फोपनारच्या केळीच्या बागेत जन्म काढलेला माणूस, महिनाभर लोधीपुऱ्यात आमच्याकडे राहणार होता. डॉक्टरांनी ऊन अजिबात नको म्हणून बजावलं होतं. सुनंदा (माझी बायको, त्यांची एकुलती एक) म्हणाली, "दादांसाठी फायबरचा कूलर आणा. याच्या टाकीची चाळणी व्हायला आली."

"गरज नाही," मी म्हणालो. मी शाळेत विज्ञान शिकवतो, त्यामुळे कशाची गरज नाही हे मला आधीच कळतं. मी इंदूरहून एक लेप मागवला होता. नॅनो! त्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या इवल्या कुप्या असतात. ओरखडा पडला की कुपी फुटते, आतला रस पसरतो, जखम भरते आणि लोखंडाला गंज धरत नाही. टाकीचा पत्रा नेपानगरच्या गिरणीतल्या वर्तमानपत्री कागदाइतका पातळ झाला होता, त्यावरच मी दोन हात मारले. आणि खरंच, खिळ्याने ओढलेली रेघ सकाळपर्यंत गायब!

इथे गप्प बसायला हवं होतं. पण मी येईल त्याच्या हाती चहाआधी खिळा द्यायला लागलो. दूधवाल्याने ओरखडलं, पाहुण्यांनी ओरखडलं. शेजारचे वकीलसाहेब तर, "मास्तरजी, सच्ची में भरतं हो," म्हणत रोज एकाच जागी रेघ मारायचे. (एका जागची कुपी एकदाच फुटते, असं डब्यावर लिहिलं होतं. मी वाचलंही होतं.)

मामा आले (सासऱ्यांना मी मामा म्हणतो). एका डोळ्यावर पट्टी, पिशवीत घड कापायचा विळा. विळा ते कुठेच विसरत नाहीत. कूलरसमोर गादीवर त्यांचा डोळा लागतोय, तोच मी त्यांना उठवलं.

"मामा, एक लकीर मारून बघा."

"राहू द्या ना जवाईबापू. हवा चांगली येऊन राहिली."

"मारा तर."

त्यांनी विळ्याचं टोक हलकेच ओढलं. "मले तं काही दिसत नाही बा."

"मग जोरात मारा. काही होत नाही."

केळीचा खांब एका घावात आडवा करणारा हात तो. विळा नेमका वकीलसाहेबांच्या जागी लागला आणि आरपार गेला. गादी, उशी, डोळ्यांच्या थेंबांची पिशवी, सगळं पाण्यात. मी भोकावर तळहात दाबून बसलो.

"हे कधी भरते मंग?" मामांनी विचारलं. त्यांचा माझ्यावर अजून विश्वास होता, त्याचीच मला जास्त लाज वाटली.

"सकाळपर्यंत," सुनंदा म्हणाली. "तोवर हात काढू नका."

संध्याकाळी फायबरचा कूलर आला. जुन्याच्या टाकीत सुनंदाने गच्चीवर मोगरा लावलाय, पाणी निचरायला भोक आयतंच मिळालं. बाकी टाकीला आजही गंजाचा ठिपका नाही. लेप चांगलाच होता हो. लोखंडाला गंजापासून वाचवतो. मास्तरापासून वाचवणारा अजून इंदूरलाही मिळत नाही.