कौसाबाईचं दुसरं कार्ड

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. ह्यांनाही नाही — आणि ह्यांच्यापासून माझ्या पोटात काय राहतं हो? हे मात्र राहिलं.

सत्तरच्या दशकात लकडगंजातल्या एका धर्मादाय दवाखान्यात मी कार्डं लिहायचे. डॉक्टर औषध सांगत, मी पेशंटच्या कार्डावर उतरवून घेई. ते कार्ड पुढे कंपाउंडर नामदेवरावांकडे जाई. सुई टोचण्याआधी कार्डावर लाल शाई आहे का, हे पाहणं त्यांचं काम. काय हात होता त्या माणसाचा! पोरं रडायचं विसरत. पहिल्याच दिवशी त्यांनी मला शिकवलं — “पहिले खण पाह्य वं पोरी. जुनं कार्ड असन तं त्याच्यातच लिह्य. नसन तरच नवं काढ.” आणि आपली अर्धी भाकर माझ्या डब्यात टाकली.

एवढा साधा नियम. पाळायला काय लागतं?

त्या दिवशी मला कामठीची बस गाठायची होती — माहेरी जायचं होतं, दुसरं काही नाही. लाकडं कापायच्या आरामशिनीवर भुसा भरणारी कौसाबाई तापानं फणफणत आली. खणात कार्डं नुसती कोंबलेली. कोण शोधत बसणार? मी नवं कोरं कार्ड काढलं.

जुन्यावर लाल शाईत होतं — पेनिसिलिन सोसत नाही.

सुई लागली आणि ती बाकावरच कोसळली. वाचली, हे आधी सांगते. डॉक्टरांनी शर्थ केली. पण सगळे तिच्याभोवती असताना मी काय करत होते? खण उपसत होते. जुनं कार्ड दोन मिनिटांत सापडलं — दोनच मिनिटांत! त्यावर त्या दिवसाची ओळ लिहिली, ते नामदेवरावांच्या टेबलावर ठेवलं आणि नवं फाडून पर्समध्ये कोंबलं. आता कार्ड एकच होतं, अगदी त्यांनी शिकवलं होतं तसं.

त्यांनी येऊन ती लाल ओळ वाचली. कितीतरी वेळ वाचत राहिले. डॉक्टरांनी विचारण्याआधीच म्हणाले, “माह्याच डोयाचा दोष हाये जी. मले दिसलंच नाही.”

मी तिथेच उभी होते — तोंड होतं ना मला?

दुसऱ्या दिवशी चष्मेवाल्याकडे जाताना सोबतीला त्यांनी मलाच नेलं. नंबर बदललेला नव्हता. त्यांना पटेना, त्यांनी पुन्हा तपासायला लावलं. तोच नंबर.

त्यानंतर त्यांनी सुई हातात धरली नाही. निवृत्त होईपर्यंत बाटल्यांत औषध भरत राहिले. खूप लाडका होता तो माणूस माझा, अजूनही आहे. रोज दुपारी अर्धी भाकर माझ्या डब्यात टाकायचे.

मी ती खात असे.