हिंमतरावांचं पिक्चरबद्दलचं मत

हडपसरच्या त्या सोसायटीत उन्हाळ्याच्या सुट्टीत नवा पिक्चर लागला की पेपरातलं परीक्षण कोणी वाचत नसे. संध्याकाळी पार्किंगच्या कट्ट्यावर हिंमतराव येईपर्यंत लोक थांबत. हिंमतराव आधी चपला काढत, मग मांडी घालत, मग रुमालाने मान पुसत, आणि मग सांगत.

"पहिला भाग बांधून आहे. दुसऱ्यात जरा ढिला पडते. हिरो ठीकच, पण त्याच्या मित्राचं काम पाहण्यासारखं आहे."

एवढंच. एक वाक्य स्तुतीचं, एक खोडीचं, आणि तिसरं असं की ऐकणाऱ्याला वाटावं, या माणसाने पिक्चर गोधडीसारखा उलटा करून टाके मोजलेत.

तिसऱ्या मजल्यावरचे अनंतराव सदाशिव पेठेतली जागा सोडून इकडे आले होते आणि हडपसरवर उपकार केल्यासारखे राहत होते. ते शेवटी विचारत, "म्हणजे आपल्या मते पाहावा?"

"पाहा नं. पण एसीच्या झोताखालची खुर्ची घेजा."

"आपण थंडीचं परीक्षण वेगळं देत जा," अनंतराव म्हणत. पण जात ते हिंमतरावांनी सांगितलेल्या पिक्चरलाच.

आता खरी गोष्ट अशी, की हिंमतरावांनी गेल्या कित्येक वर्षांत एकही पिक्चर पाहिला नव्हता. ते थेटरात झोपत.

त्याला कारण होतं. तरुणपणी अकोल्याकडून येऊन ते इथल्या कारखान्यात लागले, ते रिटायर होईपर्यंत रात्रपाळी त्यांच्या मागे हात धुऊन लागली. दिवसा झोपायचं तर खिडकीला गोणपाट टांगून. खोलीखाली पिठाची गिरणी. अंधार झाला आणि जोडीला घरघर सुरू झाली, की त्यांचं अंग समजायचं, ड्यूटी संपली. पुढे स्वतःचा फ्लॅट झाला. तो नेमका गच्चीखालचा, आणि खाली गिरणीच्या जागी मोबाइलचं दुकान. मे महिन्यात स्लॅब तव्यासारखा तापायचा. रात्रीची झोप तर त्यांना कधी शिकवलेलीच नव्हती. अशात एकदा बायकोने, मुक्ताईने, मॅटिनीला नेलं. टॉकीजमध्ये अंधार झाला, पडद्यावर हाणामारी सुरू झाली, आणि हिंमतराव असे झोपले की इंटर्वलला समोसा त्यांच्या नाकाशी धरावा लागला.

त्या संध्याकाळी कट्ट्यावर अनंतरावांनी विचारलं, कसा होता? तिकीट काढून झोपलो असं चारचौघांत कसं सांगायचं? जिना उतरताना पुढचा माणूस जे बोलत होता तेच हिंमतरावांनी सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग त्याची रीतच पडली. दिवे लागले की चपलेचा अंगठा शोधत रेंगाळायचं, गर्दी पुढे काढायची, आणि तिच्या शेपटाला कान लावून जिना उतरायचा. खालच्या पायरीवर मत तयार.

हे फक्त मुक्ताईला ठाऊक होतं. ती मात्र प्रत्येक पिक्चर पहिल्यापासून शेवटपर्यंत पाही. तिला कोणी विचारत नसे, म्हणून तीही कोणाला सांगत नसे.

असं सुखात चाललेलं असताना श्रद्धाचं निघालं.

श्रद्धा त्यांची मुलगी, आयटीतली. तिच्याच ऑफिसातला ऋषी, शेजारच्या मांजरी गावचा. दोघांचं ठरलेलं होतं, अडलं होतं ते वडिलांपाशी. ऋषीचे वडील बजरंगअण्णा. त्यांच्या उसाच्या रानात आता इमारती उभ्या होत्या, पण आवाज अजून बांधावरून हाक मारल्यासारखाच होता. ते म्हणत, "इदर्भातली माणसं. त्यांची रीत आपल्याला कुठं म्हाईत हाय?" इकडे हिंमतराव म्हणत, "थे जमीनवाले लोकं. आपण पंचिंग मशीनवाले." दोघंही नाही म्हणत नव्हते आणि हो म्हणत नव्हते. यावर पोरांनी तोडगा काढला.

"बाबा, हा बघण्याचा कार्यक्रम वगैरे अजिबात नाहीये," श्रद्धा म्हणाली. "एकदम कॅज्युअल. दोन्ही फॅमिली मिळून नव्या मल्टिप्लेक्सला मूव्ही बघायची, मग कॉफी, थोडं डिस्कशन. ऋषीने त्याच्या पप्पांना सांगितलंय, तुमचा सिनेमाचा अभ्यास कसला डीप आहे ते. ते टोटली इंप्रेस झालेत."

हिंमतरावांनी कप बशीत ठेवला. "कायले सांगितलं?"

"अहो बाबा, चांगलंच आहे ना. ते म्हणाले, एवढं बारीक बघणारा माणूस म्हणजे विचाराचा असणार. त्यांच्याशी एकदा बोलतो, मग काय ते फायनल सांगतो."

ती आत गेल्यावर मुक्ताई म्हणाली, "या खेपेले झोपू नका बरं. पोरीचं आहे."

"झोपतो काहून मी?"

"काहून ते मले विचारता?"

शनिवारी दुपारी निघण्याआधी हिंमतरावांनी दोन कप चहा घेतला, डोक्यावरून गार पाणी घेतलं आणि एका पिशवीत हिरव्या मिरच्या बांधून शर्टाच्या खिशात घातल्या. वऱ्हाडी माणसाला घेरी आली तरी मिरची शुद्धीवर आणते. पेंग येईल तशी एकेक चावायची.

मल्टिप्लेक्सच्या दारात गार्डने त्यांच्या छातीवरून यंत्र फिरवलं आणि खिशाशी थांबला. "अंकल, ये क्या है?"

"मिरची."

"खाने का सामान अंदर अलाऊड नहीं है."

"हे खायाचं नाही जी. जवळ ठेवाचं आहे."

"रूल है, अंकल." गार्डने मिरच्या काढून कुणाच्या तरी पाण्याच्या बाटलीशेजारी ट्रेमध्ये ठेवल्या.

हिंमतराव वळले तर मागे पांढऱ्या टोपीतले बजरंगअण्णा हात जोडून उभे. शेजारी त्यांच्या पत्नी, विजयमालाबाई. त्यांनी नमस्कार केला आणि ट्रेकडे एकदा पाहिलं.

ऋषीने जागा अशा काढल्या होत्या, की दोन्ही वडील शेजारी, त्यांच्या पलीकडे दोन्ही आया, आणि पार टोकाला तो आणि श्रद्धा. हिंमतराव टेकले आणि खुर्ची आपण होऊन मागे झाली. जुन्या टॉकीजची खुर्ची निदान पाठीत खिळा तरी टोचायची. इथे तेवढीही मदत नव्हती.

"बसा निवांत," बजरंगअण्णा म्हणाले. "हितं आमच्या चुलत्याचा ऊस हुता. तुमी बसलाय न्हवं, बराबर तिथं मोटर हुती. गारवा बघा अजून तसाच हाय."

अंधार झाला. तीन मित्र लग्नाची सजवलेली गाडी घेऊन निघाले आणि रस्त्यात गाडीच हरवली, इथपर्यंत हिंमतरावांनी डोळे ताणून पाहिलं. मग त्यांनी मांडीला चिमटा काढला. मग मनात एकोणतिसाचा पाढा धरला. पाढा निम्म्यावर आला तेव्हा पडद्यावर एक ट्रक उलटला, खोलीभर गडगडाट झाला, आणि गिरणी सुरू झाली.

इंटर्वलला दिवे लागले तेव्हा बजरंगअण्णा त्यांच्याकडेच पाहत होते. "काय म्हणतोय पिक्चर?"

"अजून बांधणी चालू आहे," हिंमतराव सावरून म्हणाले.

"बांधणीचं आपल्याला कळतंय," अण्णा गंभीरपणे म्हणाले. "पाया लय वेळ खातो."

पुढचा भाग हिंमतरावांना एकोणतीस एके एकोणतीस एवढाच आठवला.

पिक्चर सुटला तेव्हा बजरंगअण्णा उभे राहून टोपी नीट करत होते. ती एका कानावर आली होती. हिंमतरावांना त्यात काही वाटलं नाही, त्यांना घाई होती. "जरा जाऊन येतो," म्हणून ते बाहेरच्या लांब बोळात शिरले आणि बाथरूमच्या रांगेत उभे राहिले. कान उघडे.

पुढे एक कॉलेजचा पोरगा मित्राला सांगत होता, "आजोबा गेले ना यार, तिथे मी ऑलमोस्ट रडलो."

त्याच्यापुढचे गृहस्थ पेठेतले असावेत. ते कोणाला न सांगता सगळ्यांना सांगत होते, "तो होडीचा प्रसंग. अहो, पोहत गेला असता तर लवकर पोचला असता."

हिंमतरावांच्या जिवात जीव आला. स्तुती झाली, खोडी झाली. जुन्या टॉकीजला पडदा एक, जिना एक, आणि जिन्यावरचा शब्द न शब्द आपल्याच पिक्चरचा. इथे चार पडद्यांची माणसं एकाच बोळात सोडतात, हे काही त्यांच्या ध्यानात आलं नाही.

कॉफीच्या टेबलाशी सगळे बसले होते. ऋषीने उंच कागदी पेले आणून ठेवले. हिंमतरावांनी टेबलाखाली सवयीने चपला काढल्या, रुमालाने मान पुसली.

"तर, बाबा?" श्रद्धा म्हणाली. ती हसत होती, पण हातातल्या रुमालाची तिने दोरी केली होती.

"पिक्चर मनाले लागला," हिंमतराव म्हणाले. "म्हातारा जाते तिथं डोळ्यात पाणी येते. फक्त थे होडीचं लांबवलं. पोहत गेला असता तं लवकर पोचला असता."

श्रद्धाच्या तोंडातली स्ट्रॉ तशीच राहिली. तिने ऋषीकडे पाहिलं. ऋषीने छताकडे पाहिलं. मुक्ताईने पेल्यात डोकं घातलं.

"अगदी मनातलं बोललात," बजरंगअण्णा म्हणाले. "होडीचं लयच वढलं त्यांनी. आन् म्हातारा... मला आमच्या वडलांची आठवण झाली. असंच गेले, बोलता बोलता."

हिंमतरावांना हुरूप आला. "काम साधं केलं म्हाताऱ्यानं."

"साधं, पर मनाचा मोठा माणूस."

"सुनेनं त्याले पाहायला पाहिजे होतं."

"सुनंचं सोडा, पोरगं तरी कुठं येळेवर आलं?"

असं करत दोघांनी म्हाताऱ्याला सून दिली, नालायक मुलगा दिला, आणि आता बारावं घालणार तोच विजयमालाबाईंनी पेला खाली ठेवला.

"पावनं, मघाधरनं एक इचारीन म्हणते. त्या मिरच्या कशापायी आणल्या हुत्या?"

मिरच्यांसाठी एक वाक्य हिंमतरावांना सहज सुचलं असतं. ठेच्याचं, देवाचं, डॉक्टरांचं, कसलंही. त्यांनी समोर पाहिलं. श्रद्धाच्या हातातली रुमालाची दोरी आता बोटाला करकचून गुंडाळलेली होती.

"झोप येऊ नये म्हणून जी," ते म्हणाले.

"मंग, आली?"

"आली."

"आन् म्हातारा?"

"थो मले बाथरूमच्या लायनीत भेटला. दुसऱ्याच पिक्चरचा असंल."

विजयमालाबाईंनी मान सावकाश नवऱ्याकडे वळवली. "आन् तुमास्नी कुठं भेटला वं? ह्या पिक्चरात म्हातारं माणूस न्हवतंच. दोन हुती, ती पडद्याम्होरं घोरत हुती."

बजरंगअण्णांनी टोपी काढली आणि पुन्हा घातली. "मला वाटलं, माझा डोळा लागला तेवढ्यात गेला आसंल म्हातारा. एवढा अभ्यासाचा माणूस सांगतोय, त्याला न्हाय कसं म्हणू?"

"पप्पा, इट्स ओके," ऋषी म्हणाला.

"तू गप."

अण्णा हिंमतरावांकडे सरकले आणि आवाज खाली आणून, म्हणजे फक्त शेजारच्या दोन टेबलांनाच ऐकू जाईल अशा बेताने, म्हणाले, "तुमाला कवापास्नं हाय हे?"

"रात्रपाळीपासून. दिवसा झोपायची सवय, खाली गिरणी."

"मला रातच्या पाण्यापास्नं. लाईट रातची यायची, ऊस रातीच भिजवायचा. दिसा मोटरीच्या खोपीत पडायचं. मोटर चालू आसली की झोप. बंद पडली की जाग."

"गिरणी बंद पडली की मीबी उठत होतो."

"आता रातीला काय करता?"

"गॅलरीत बसतो."

"मी बी. एवढं घर बांधलं, पर झोप न्हाय." अण्णांनी मान हलवली. पिक्चरबद्दल बोलताना दोघं जितके भरभरून बोलले होते तितके आता बोलत नव्हते, पण खुर्च्या जवळ आल्या होत्या.

पलीकडे विजयमालाबाई मुक्ताईला म्हणाल्या, "तुमाला कसा वाटला वं?"

मुक्ताईला हा प्रश्न पहिल्यांदाच कोणी विचारत होतं. तिने पेला बाजूला केला. "गाडी हरवली, सापडली, सगळं झालं. पण नवरीले कोणी विचारलंच नाही, तुले जायाचं आहे का म्हणून. थे राहूनच गेलं."

"तेच म्या म्हणते," विजयमालाबाई म्हणाल्या. "पाक शेवटपतोर वाट बघितली मी."

"मग हितल्या नवरीला तरी इचारा की," बजरंगअण्णा तिकडून म्हणाले.

सगळ्यांनी श्रद्धाकडे पाहिलं. "म्हणजे... हो," ती म्हणाली. कॉलवर तासभर इंग्रजी बोलणाऱ्या मुलीला एवढंच सुचलं. मग तिने बोटावरचा रुमाल सोडवला.

"माझी एकच अट हाय," अण्णा हिंमतरावांना म्हणाले. "कार्यालयाला एसी नको. मंगलाष्टकं चालू आन् दोन्ही बाप आडवं, ती शोभा नको."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कट्ट्यावर माणसं जमलेलीच होती. हिंमतरावांनी चपला काढल्या, मांडी घातली, मान पुसली.

"मग?" अनंतराव म्हणाले. "नव्या मल्टिप्लेक्सबद्दल आपलं काय म्हणणं?"

"खुर्च्या चांगल्या आहेत."

लोक पुढच्या दोन वाक्यांसाठी थांबले. ती आली नाहीत.

"आणि पिक्चर?"

"थे मुक्ताईले विचारा. तिनं पाहिला."

अनंतरावांनी चष्मा काढून पुसला. "म्हणजे आम्ही खुर्च्यांचं तिकीट काढायचं?"

"काढा नं," हिंमतराव म्हणाले. "फक्त मिरच्या नेऊ नका. आत घेत नाहीत."