पन्नासभाऊ

माघातला रविवार, दुपार. तेरवीला हजर: भाऊंच्या पत्नी, दोन्ही मुली, जावई आणि राइस मिलमधले आम्ही नऊ जण. मालक लवकर निघाले.

अड्याळजवळच्या आमच्या मिलमध्ये लाइन गेली की जनरेटर सेट लागतो. तो भाऊंच्या ताब्यात. त्याची फ्रिक्वेन्सी पन्नास हर्ट्झवरून हललेली त्यांना खपत नसे, म्हणून नाव पडलं पन्नासभाऊ. टपरीवर चहा पिताना मध्येच कप ठेवून ते उठत. "अठ्ठेचाळीसवर आला," म्हणत. मी मीटर बघायला जाई. काटा अठ्ठेचाळीसवरच असे.

आवाज अडवायला कानांवर लावायचे इयरमफ मी दोनदा दिले. दोन्ही खुंटीला. कान झाकले तर सेट काय म्हणते ते कसं समजन, हे त्यांचं उत्तर.

मागच्या वर्षी सगळ्यांचे कान तपासायचं ठरलं. पहिल्या फेरीत भाऊ आणि मी भंडाऱ्याला गेलो. आवाज आला की बोट वर करायचं. पाचशे हर्ट्झ, हजार हर्ट्झ, भाऊंचं बोट वर. दोन हजारला उशिरा. चार हजारला हात मांडीवरच राहिला. तपासणाऱ्या मुलीने बजावलं, बारीक आवाज यांना येत नाहीत, आवारात जपा. भाऊ हसले. "चार हजार कायले पाहिजे मले? माहा सेट पन्नासावर चालते."

परतताना एसटीत बसलो. भंडारा मागे पडल्यावर ते म्हणाले, "ताई, यादीत नोका लिहू. मालक मले गेटवर बसवन. दोनच वर्षं राहिले."

मिलमधल्या सगळ्या नोंदी मीच लिहून ठेवते. त्यांच्या नावापुढे 'ठीक' लिहिलं.

या महिन्यात धानाचा ट्रक आवारात मागे येत होता. त्याचा बारीक टी-टी आवाज सगळ्यांना ऐकू येत होता. लाइन नुकतीच गेली होती, भाऊ पाठमोरे जनरेटरकडे निघालेले. मी खिडकीतून हाका मारल्या. माझा आवाजही बारीकच.

आज पानावरून उठताना त्यांच्या पत्नीने माझा हात धरला. "ताई, गाडी वाजून राहिली होती म्हणतेत. मंग हे काहून नाही हटले?"

मी पाण्याचा तांब्या आणायला गेले.

बाकी कामं: उरलेल्या आठ जणांची तपासणी, भंडाऱ्याला फोन करून दिवस घेणे. त्याआधी, वहिनींना उत्तर देणे.