पेटीतून आलेला माझा आवाज

आधीच सांगते, मी शाळेत विज्ञान शिकवते. भानामती, बाहेरची बाधा असलं कुणी काही सांगायला लागलं की मी त्याची उलटतपासणीच घेते. म्हणून हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय...

जवळा बाजारहून सिद्धेश्वर धरणाकडे जाताना आमचं गाव लागतं. गावाबाहेर निजामाच्या काळातला करोडगिरी नाका आहे – जकात वसूल करायची दगडी इमारत. तिच्या भिंतीतल्या भोकात पांढऱ्या घुबडांची जोडी राहायची. डागडुजीत कुणीतरी ते भोक सिमेंटने बुजवलं, घुबडं गेली आणि उंदरांनी आमच्या सोयाबीनची पार वाट लावली. म्हणून रीतसर परवानगी काढून आम्ही तिथे घुबडांसाठी लाकडी पेटी बसवायचं ठरवलं.

गेल्या मार्चमधली गोष्ट, सकाळचे अकरा. वीस फुटांवर बांबूची परांची, तिच्यावर माझे मिस्टर विलास. खाली मी आणि पेटी बनवणारे बाबूमिस्त्री. मुलांना वर्गात दाखवायला मी मोबाइल स्टँडवर लावून व्हिडिओ चालू ठेवला होता.

मिस्त्रींनी आल्याआल्याच बजावलं, "बाई, हितं कोणाला नावानं हाक मारू नका. घुबडाची जागा हाय ही. ते हाक शिकतं."

"घुबडं तर कधीच गेली, मिस्त्री!"

"जागा तं हाय ना?"

झालं, मला चेवच आला. एरवी मी 'अहो'च म्हणते, पण त्या दिवशी मुद्दाम मोठ्याने ओरडले, "विलासराव! ओ विलासराव!"

हे वरून हसले. "काय गं, आज लई मान देऊन राहिलीस!"

मिस्त्री हसले नाहीत. "काहून असं करून राहिले बाई तुमी," एवढंच म्हणाले आणि हत्यारं आवरायला लागले.

पेटी लोखंडी अँगलवर बसली. शेवटचा बोल्ट आवळून हे पाना खिशात ठेवत होते, तेवढ्यात आवाज आला — "विलासराव, धरा!"

ह्यांनी झटकन दोन्ही हातांनी अँगल धरला. पुढच्याच क्षणी पायाखालची फळी कडकन मोडून खाली दगडांवर आदळली. हे लटकत होते! मी नुसती किंचाळत सुटले. मिस्त्रींनी शिडी लावली म्हणून निभावलं.

खाली आल्यावर ह्यांनी माझा हात घट्ट धरला. "फळी तडकताना दिसली का गं तुला? तू ओरडली नसतीस तर गेलोच होतो."

'धरा' म्हणून मी ओरडलेच नव्हते.

वाटलं, भीतीने आठवत नसेल. घरी एकटीने व्हिडिओ पाहिला. त्यात मी डोकं मागे टाकून बाटलीने पाणी पितेय... घोट घशाखाली उतरताना दिसतो. आणि तेव्हाच तो आवाज येतो. माझाच आवाज. बाजूला उभे असलेले मिस्त्री माझ्याकडे वळूनही बघत नाहीत, ते वर पेटीकडे बघतात.

प्रतिध्वनी म्हणावा, तर 'धरा' हा शब्द सकाळपासून कुणी उच्चारला नव्हता. दुसऱ्या दिवशी शिडीवर चढून पेटी उघडून पाहिली तर आत फक्त लाकडाचा भुसा.

व्हिडिओ मी ह्यांना दाखवलेला नाही. बायकोने वाचवलं म्हणून ते गावभर सांगत फिरतात. ते वाचले, त्याचा आनंद आहेच हो. पण माझा आवाज म्हणून त्यांनी डोळे झाकून ऐकलं... लटकत असताना त्याच आवाजाने 'सोडा' म्हटलं असतं, तरी त्यांनी ऐकलंच असतं.