गोजरवहिनीने टांगलेला माझा फोटो

टोकावड्याच्या नाक्यावर माझं फोटोफ्रेमचं दुकान. आमच्याकडे काचेत बसतात दोघेच, देव आणि मेलेले. जित्या माणसाचा फोटो पत्र्याच्या पेटीत, लुगड्याखाली. तो भिंतीवर आला की समजायचं, दहावा उरकला. म्हणून माणसाच्या फ्रेमबरोबर चंदनाचा हार मी फुकट देतो. चांगली सवय होती हो! तिनेच माझा घात केला.

कारगिलच्या पुढच्या वर्षी, जानेवारीत, मुरबाडला मंडळ चालवणाऱ्या संदीपने मुंबईच्या एका गॅलरीतलं युद्धाच्या फोटोंचं प्रदर्शन तिथल्या शाळेच्या हॉलात आणलं. फोटो आले गुंडाळी करून. चाळीस फ्रेमांचं काम माझ्याकडे. मी त्या केल्या, टेम्पोतून नेल्या, भिंतीवर चढवल्या आणि हाताच्या सवयीने माणूस दिसेल त्या प्रत्येक फोटोला हार घातला. एका खेचरालाही घातला, पण तो घाईत.

संदीपने तालुक्यातल्या जवानांच्या घरच्यांना बोलावलं होतं. टोकावड्याहून आमची गोजरवहिनी आली. माझ्या चुलतभावाची बायको. भाऊ गेला तेव्हा तिचा संदेश चार वर्षांचा. लोकांची लावणी-कापणी करून, उन्हाळ्यात धाब्यावर भाकऱ्या थापून तिने त्याला वाढवला. तोंड असं फाटकं, की ट्रकवाले दुसरी भाकरी मागायला भ्यायचे. पोरगा फौजेत निघाला तेव्हा स्टेशनवर पोरांना न्यायला आलेल्या फौजी हवालदाराला म्हणाली, "ह्याला भात लागतो, नुसत्या चपातीवर ठेवू नका." दिवाळीपासून मात्र त्याचं पत्र नव्हतं, आणि वहिनी पोस्टमनशी गोड बोलायला लागली होती.

हॉलात ती एकेक फोटो बघत सरकत होती. तोफ, तंबू, बर्फ. मग थांबली. बर्फात उकिडवा बसून बटाटे सोलणारा एक जवान. कानटोपी, काळा चष्मा, दाढी. तो फोटो मी स्वतः काचेत बसवला होता, पण ओळखला नव्हता.

"काम करताना जीभ बाहेर काढतो," ती म्हणाली. "माझा संदेश हाय."

आणि त्याच्यावर माझा हार!

ती तिथेच फरशीवर बसली. मी धावलो. "वहिनी, देवाशपथ, सवयीने घातला! मला कुणी काय कळवलेलं नाय!"

"तुमी मेल्याबिगर हार देत नाय, भावजी. सगळा तालुका जाणतो."

"अगं, मेल्याची खोटी बातमी उठली की आयुष्य वाढतं म्हणतात."

"आन खरी असली तर?"

फोटो कधीचा, कुठला, संदीपलाही माहीत नव्हतं. त्याने पलटणीला पत्र टाकतो म्हणून सांगितलं. मी मुकाट हार काढायला गेलो, तर तिने माझा हात धरला.

"ऱ्हाऊं द्या. हारानं माणूस मरत नाय ना? मग तुमीबी हार घालून काचेत बसा ह्याच्या बाजूला."

पाकिटात माझा एक पासपोर्ट फोटो होता, टेम्पोत एक मोठी फ्रेम. तिने मला ते करायलाच लावलं. ताटाएवढ्या पांढऱ्या कागदात बोटाएवढा मी, वर चंदनाचा हार. संदेशच्या बाजूला तिने स्वतःच्या हाताने मला टांगलं.

प्रमुख पाहुणे फौजेतून निवृत्त झालेले साहेब होते. प्रत्येक फोटोपुढे फूल ठेवत ते माझ्यापर्यंत आले, वाकून बघितलं, ताठ झाले आणि सॅल्यूट ठोकला. "हे कुठे कामी आले?"

संदीपच्या तोंडून निघालं, "टोकावड्याला."

मी साहेबांच्या मागेच उभा होतो. आता हसू की रडू! पुढे ते प्रदर्शन माझ्यासकट शहापूरला गेलं, तिथे माझ्यापुढे म्हणे कुणी नारळही फोडला.

खरा ताप तर त्यानंतर सुरू झाला. रोज सकाळी शेतावर जाताना वहिनी दुकानात डोकवायची. "जिते हाव ना?" मी हाय म्हणालो की, "मंग तोपण आसल." मला घाटाकडे जीपने जायची बंदी. शिडीवर चढायची बंदी. एकदा मला सणसणून ताप भरला, तर ही पेजेचं पातेलं घेऊन उशाशी ठाण मांडून बसली. माझी बायको काशी वैतागली. "वयनी, नवरा माझा हाय!"

"आसल गो. पन ह्याच्यावर माझ्या पोराचा जीव टांगलाय."

काशीने वाटी आणून तिच्यापुढे ठेवली. मी चिडून पाठ फिरवली, आणि खरं सांगतो, मरायची जाम भीती वाटली. माझ्यासाठी नाही, तिच्यासाठी.

शिमग्याच्या आधी पत्र आलं. वहिनीला वाचता येत नाही, ती ते घेऊन दुकानात आली. मी तारीख आधी बघितली. आठ दिवसांपूर्वीची. संदेश बरा होता, बर्फाने इतके दिवस वाट बंद होती म्हणून पत्र नाही, मे महिन्यात सुट्टी. तिने माझ्याकडून ते दोनदा वाचून घेतलं, घडी करून कनवटीला लावलं आणि उठली.

"भावजी," ती म्हणाली, "आता तुमी खुशाल मरा."

आणि दुकानाच्या पायरीवर बसून हमसून हमसून रडली. तिच्या बाजूला बसून मीही रडलो.