आप्पांनी लावलेली अमेरिकेची पोथी

बिभीषण आप्पांचा आवाज असा, की डेअरीवर त्यांनी नुसतं 'साडेतीन फॅट' म्हटलं तरी बायका पदर सावरून हात जोडतात. सोनईच्या अलीकडं आमचं छोटं गाव आहे. तिथल्या भैरोबाच्या देवळात चातुर्मासात पोथी लागते आणि ती आप्पाच वाचतात. शाळा सातवीपर्यंत झालेली, पण जोडाक्षर कधी अडलं नाही. अडलंच तर आप्पा तिथे एवढा मोठा सूर लावतात की ऐकणाऱ्याला वाटावं, हे अक्षर असंच म्हणायचं असतं.

पोथीला दोघं लागतात. एक वाचणारा आणि दुसरा अर्थ सांगणारा. अर्थ सांगायला आप्पांचे धाकटे भाऊ, अजिनाथ तात्या. गंमत म्हणजे हे दोघे भाऊ अकरा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते.

कारण पाभर. वाटणीच्या वेळी जमीन, विहीर, गाय, पितळी घंगाळ, सगळं सुरळीत वाटलं गेलं. शेवटी वडिलांची, म्हणजे आबांची, पेरणीची लाकडी पाभर उरली. ती दोघांनाही हवी. पंच कंटाळून म्हणाले, "मग करा अर्धी अर्धी!" पंचांनी चेष्टा केली होती, पण भावांनी ती अमलात आणली. चाडं, म्हणजे पेरताना बी सोडायचं लाकडी वाडगं, ते तात्यांनी नेलं. बाकीची पाभर आप्पांनी. तेव्हापासून दोघांपैकी कुणालाच तिच्यानं पेरता आलेलं नाही. एकच ट्रॅक्टरवाला दोघांची पेरणी करतो. आप्पांचं रान झालं की तो बांध न ओलांडता मागे डांबरीवर जातो आणि वळसा घालून तात्यांच्या रानात शिरतो.

पण देवळात दोघं शेजारी बसायचे. पोथीची जोडी मोडत नाहीत, हा रिवाज. आप्पा वाचायचे पोथीकडं बघून, तात्या अर्थ सांगायचे लोकांकडं बघून. तात्यांना आप्पांचा उल्लेख करायचाच असला तर म्हणायचे, "वाचणारे." आप्पा तात्यांचा उल्लेखच करायचे नाहीत.

यंदा आषाढात आप्पांनी मला गाठलं. मी नगरला सावेडीत नोकरीला असतो, शनिवारी गावी येतो.

"नगरात पुस्तकं मिळत्यात ना? एखादी नवी पोथी बघ. गावातल्या सगळ्या पाठ झाल्या लोकांना. चारच म्हाताऱ्या येत्यात, त्यातल्या दोन झोपत्यात."

"कसली आणू?"

"जाड आण."

एवढ्या नेमक्या वर्णनावर मी रद्दीवाल्याकडं गेलो. सगळ्यांत जाड पुस्तक निघालं ते अमेरिकेच्या यादवी युद्धाचा इतिहास. कव्हर नाही, लेखकाचं नाव उंदरांनी खाल्लेलं, पण मजकूर अस्सल मराठी आणि नकाशे शाबूत. मला वाटलं आप्पा ते माझ्या डोक्यात घालतील. त्यांनी दोन दिवस चाळलं आणि विचारलं, "भावाभावांचं हाय व्हय रं हे?"

"तसंच काहीसं."

"मग लावतो."

आणि खरोखर लावलं. लाल फडक्यात गुंडाळून व्यासपीठावर ठेवलं, हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं. वाक्य मराठीत, अर्थही मराठीत, फक्त अर्थ तिप्पट लांब. लिंकनच्या जन्माचं पान येणार म्हटल्यावर झुंबरकाकूंनी, म्हणजे आप्पांच्या बायकोनं, सुंठवडा केला. एका म्हातारीनं पाळणाही म्हटला. त्यात नाव कुठं घालायचं ते जमेना, म्हणून तिनं 'बाळ अमेरिकेचा' एवढ्यावर भागवलं.

पंधरवड्यात देऊळ भरलं. संध्याकाळी डेअरीत दूध घालून माणसं किटल्यांसकट येऊन बसू लागली. ती अमेरिकेसाठी येत नव्हती, तात्यांच्या अर्थासाठी येत होती.

आप्पांनी वाचलं, "दक्षिणेकडील राज्यांनी वेगळे होण्याचा ठराव केला."

तात्या म्हणाले, "म्हंजे बघा, धाकट्याला वाटणी पायजे हुती. आता वाटणी मागणं काय गुन्हा हाय का? पर थोरला म्हणला, न्हाई, घर एकच ऱ्हाईल. का? तर खळ्यावर ह्याचाच हुकूम चालला पायजे! काही थोरल्यांचा सोभावच असतो तसा. अमेरिकेत बी."

सगळं देऊळ आप्पांकडं बघायला लागलं. आप्पांनी शांतपणे पान उलटलं.

"पहिला तोफगोळा," इथे ते थांबले आणि घसा खाकरला, "पहिला तोफगोळा दक्षिणेने डागला." मग चष्मा पुसला. "पहिला. तोफगोळा. दक्षिणेने. डागला."

"वाचणाऱ्यांना सांगा, एकदा वाचलं तरी कळतंय," तात्या लोकांना म्हणाले.

अशी ही लढाई. तात्यांच्या हातात अख्खा अर्थ होता. आप्पांच्या हातात नुसता आवाज, पण तोही कमी नव्हता.

गावात पक्ष पडले. दक्षिणेकडं कापूस पिकायचा, असं वाचल्याबरोबर निम्मं देऊळ दक्षिणेचं झालं, कारण आमच्याकडंही कपाशीच आहे. "कापूसवाल्याला कुणी वाली न्हाई, अमेरिकेत बी न्हाई," असं म्हणून एक-दोघांनी सुस्कारेही टाकले. तेवढ्यात खांबाजवळून लंकाबाई बोलल्या. त्या दर दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळीत जातात.

"तात्या, एवढा कापूस येचायला कोण हुतं?"

"गडी हुते की."

"रोजानं?"

तात्यांनी पुस्तकात डोकावून पाहिलं. "न्हाई. ते... इकत घेतल्याले हुते. माणसंच."

"पोराबाळांसकट?"

"व्हय."

"आन तुमी त्या धाकट्याची बाजू घेताय व्हय?"

दुसऱ्या दिवसापासून दक्षिणेचे पाठीराखे मागच्या भिंतीला टेकून बसू लागले. तात्यांचीही पंचाईत झाली. त्यांनी कसाबसा तोल सावरला. "धाकट्याचं चुकलंच. माणूस इकत घेणं पापच. पर आमच्या गावच्या धाकट्यानं तसलं काय केल्यालं न्हाई, एवढं ध्यानात ठेवा."

भादव्यात माझ्या लक्षात आलं की आप्पांची गाडी हळू झालीय. आधी रोज दहा पानं व्हायची, आता दोन. तळटिपा वाचायला लागले. पलटणींची नावं वाचायला लागले. एका रविवारी त्यांनी नकाशाखालचं प्रमाणही वाचलं, 'एक इंच बरोबर पन्नास मैल', आणि तात्यांनी त्याचाही अर्थ सांगितला. "एक इंच म्हंजे बोटाचं पेर. बांध तेवढाच सरकतो, पर मनातलं अंतर पन्नास मैल पडतं."

परत येताना मी आप्पांना विचारलं, "नकाशा कशाला वाचताय? आटपा की."

"आटपल्यावर?"

"दुसरी पोथी लावा."

"दुसरीत भांडान असंल का?" आप्पा थांबले. रस्त्यात कुणी नाही बघून म्हणाले, "अरं, रस्त्यात भेटला तर त्यो मान फिरवतो. लग्नात जेवाया बसला तर पंगत बदलतो. हितं निदान रोज तासभर शिव्या तरी घालतो. ही संपली की आमचं बोलणं संपलं बघ."

पण लंकाबाईंनी घाई लावली. "टोळी निघायच्या आत संपवा आप्पा. मला काय फडात झोप लागायची न्हाई." म्हणून नवरात्राच्या आधी शरणागतीचं पान आलंच. लोकांनी समाप्तीचा नारळ आणून ठेवला. तो वाचणाऱ्यानं आणि सांगणाऱ्यानं मिळून फोडायचा असतो.

आप्पा वाचत होते. दक्षिणेचा सेनापती शरण आला. उत्तरेच्या सेनापतीनं त्याची तलवार मागितली नाही. "आणि त्याने आज्ञा केली, की ज्या सैनिकांचे घोडे स्वतःचे आहेत, त्यांनी ते घरी न्यावेत. पेरणीला उपयोगी पडतील."

आप्पांनी हे तीनदा वाचलं.

लोक तात्यांकडं बघत राहिले.

"तात्या, अर्थ?" कुणीतरी म्हणालं.

"ह्याचा अर्थ सरळ हाय," तात्या म्हणाले. टोपी नीट केली, उठले आणि चालते झाले. नारळ तसाच राहिला. आप्पांनी पुस्तक मिटलं, पण फडक्याची गाठ त्यांना मारता येईना. शेवटी झुंबरकाकूंनी मारली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी परसात दात घासत होतो, तर आप्पा धापा टाकत आले.

"चल. लौकर चल."

बांधावर तात्यांचं चाडं ठेवलं होतं. अकरा वर्षं तेलपाणी केलेलं, चकचकीत, खालच्या भोकांत धुळीचा कण नाही. शेजारी कुणी नाही.

"आप्पा, मिटलं की मग! ज्वारीची पेरणी तोंडावर आहे. काढा पाभर, बसवा चाडं."

आप्पांचा चेहरा उतरला. "पाभर कुठं हाय?"

"म्हणजे?"

"तिला वाळवी लागली हुती. तुझ्या काकूनं चार वर्षं झाली, पाणी तापवायला घातली चुलीत. दोन दिवस आंघोळी झाल्या तिच्यावर." त्यांनी चाड्यावरून हात फिरवला. "त्यानं ह्याला तेल लावून ठेवलं रं. आता त्याला तोंड कसं दावू?"

"जाऊन सांगा सरळ."

"अकरा वर्षांनी पहिलं बोलायचं, ते हे?"

त्या संध्याकाळी देऊळ पुन्हा भरलं, कारण नारळ राहिला होता. तात्याही आले आणि आपल्या जागी बसले. चेहऱ्यावर माफ केल्याचा थाट. आप्पांनी पुस्तक उघडलं आणि सरळ पन्नास पानं मागे गेले.

"आप्पा, हे झालंय," लोक म्हणाले.

आप्पा ऐकेनात. "उत्तरेच्या फौजेने वाटेतील कोठारे, गाड्या व शेतीची अवजारे जाळून टाकली." पुन्हा वाचलं, "व शेतीची अवजारे." मग डोळे पुस्तकातच ठेवून, एवढ्याशा आवाजात, "जाळून टाकली."

तात्यांनी सवयीनं अर्थ सांगायला तोंड उघडलं. "म्हंजे थोरल्यानं धाकट्याची अवजारं..." आणि ते थांबले. हळूहळू मान वळली. अकरा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी शेजारी बघितलं.

"दादा, तुमी पाभर जाळली का काय?"

आप्पांनी हो म्हणून मान हलवली.

"आबांची पाभर?"

"वाळवी लागली हुती, अजिनाथ."

"मग मला सांगायचं! माझ्याकडं औषध हुतं की वाळवीचं!"

"तू बोलत कुठं हुतास?"

"तुमी कुठं बोलत हुता?"

"अन् काय हो," झुंबरकाकू बायकांतून म्हणाल्या, "पाणी सगळ्यांनी तापवून घेतलं आन नाव माझं एकटीचं!"

देवळात एकच गलका झाला. तेवढ्यात लंकाबाई उभ्या राहिल्या. "ओ, तुमची पाभर घाला चुलीत! त्या इकत घेतल्याल्या माणसांचं सुटल्यावर पुढं काय झालं, ते वाचा आधी. पुस्तकात अजून लई पानं हायेत, मला दिसत्यात."

"चुलीतच तर घातली," आप्पा म्हणाले आणि गदगदून हसायला लागले. तात्यांनी हसू दाबायचा प्रयत्न केला, पण टोपी तोंडाला लावूनही ते दबलं नाही.

नारळ त्या दिवशीही फुटला नाही, कारण लंकाबाईंचं म्हणणं खरं निघालं. लढाईनंतरचा समेट म्हणून पुस्तकात आणखी दीडशे पानं होती. लढाई चार वर्षांची आणि समेट बारा वर्षांचा.

आता चाडं व्यासपीठावर असतं, त्यात प्रसादाची साखर ठेवतात. खालच्या भोकांना झुंबरकाकूंनी फडकं लावलंय. पण पोथी अडली आहे. आप्पा एक वाक्य वाचतात, तात्या अर्थ सांगतात, मग आप्पा म्हणतात, "तसं न्हाई रं, त्या टायमाला आबा काय म्हणले हुते?" आणि तिथून जे दोघं विहिरीवर, चुलत्यावर, कुणाच्या तरी सोयरिकीवर उतरतात, ते अमेरिकेत परत येतच नाहीत. सुटलेल्या माणसांना जमीन द्यायचा शब्द दिला होता, इथपर्यंत पोथी आली आहे. ती मिळाली का, हे अजून वाचून झालेलं नाही.

परवा लंकाबाईंनी कोयता धार लावायला दिला. जाता जाता देवळात डोकावल्या, तर दोघं भाऊ मांडीला मांडी लावून गप्पा हाणत बसलेले, पुस्तक मिटलेलं.

"टोळी निघाली की ओ माझी," त्या म्हणाल्या. "बोलत नव्हता तेच बरं हुतं. पोथी तरी पुढं सरकत हुती!"