आबांच्या पिठातली पांढरी पूड

ती पिठाच्या डब्याची तक्रार आजही आठवते, आणि आठवली की मी बाजरीची भाकरी जरा आदरानेच मोडतो. शिरूर तालुक्यातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. सकाळची हजेरी आटोपली होती. दौंडला दिलेली एक लेक माहेराहून तडक ठाण्यात आली आणि तिने डबा टेबलावर ठेवला.

"सायेब, आमची वहिनी आबांच्या पिठात पांढरं कायतरी मिसळती. आजारातनं उठल्यापास्नं आबांची नुसती हाडं ऱ्हायलीत."

आबा म्हणजे तिचे वडील, निमोण्याकडचे शेतकरी. मुलगा ट्रकवर, महिना-महिना बाहेर. घरात सासरा आणि सून दोघंच. माझं डोकं तापलं. स्टेशन डायरीत नोंद केली, पंचांसमक्ष त्यांच्या घरातली पुडीची बरणी जप्त करून सील केली आणि सुनेला चौकशीला बोलावलं.

मी दरडावलं, तरी ती मान वर करेना. शेवटी आमच्या महिला हवालदारांनी मलाच खुर्ची मागे घ्यायला लावली आणि तिच्यापुढे चहा ठेवला. मग ती बोलली.

"मी शिक्रापूरकडं कोंबड्यांच्या खाद्याच्या कंपनीत कामाला हाय. मक्यात एक घटक कमी पडतो, म्हणून ही पूड घालत्यात. ती चिमूटभर पडली की बाकीचं खाल्लेलं बी अंगी लागतं. बाजरीचं बी तसंच हाय म्हणं. आबांना डाळीनं वात व्हतो, दूध पचत न्हाई, अंडं ते शिवत न्हाईत. म्हणून सुपरवायझरला इचारून वाईच आणली."

"मग आबांना सांगितलं का नाही?"

"सासऱ्याम्होरं कसं बोलायचं, सायेब?"

त्या घरात सून सासऱ्याशी समोरासमोर बोलत नसे. निरोप जायचा तो नवऱ्यामार्फत, आणि नवरा सदा रस्त्यावर. कंपनीतल्या पशुवैद्यांना फोन केला. पूड लायसिनची, म्हणजे प्रथिनं घडवणाऱ्या एका अमिनो आम्लाची होती, हे त्यांनी सांगितलं. पण बरणीत तीच आहे कशावरून? नमुना प्रयोगशाळेत जाणार होता आणि तोवर त्या बाईच्या कपाळी संशय राहणार होता. नणंद तर हटून बसली होती.

तेवढ्यात कुणाच्या तरी मोटारसायकलवर बसून आबाच आले.

"आबा, सून पिठात काही मिसळते, ठाऊक होतं?"

"व्हय की. चुलीपाशी मिसळताना दिसायची."

"मग विचारलं नाही?"

"तव्यावरची पयली भाकरी रोज माझ्या ताटात पडती. जी एवढं करती, ती इख कशाला घालंल? मी गप खाल्लं."

लेक खाली बसली. सुनेने पदर तोंडाला लावला. मला माझ्या दरडावण्याची लाज वाटली, हे कबूल करतो.

पुढे अहवालात लायसिनच निघालं. कोंबड्यांच्या खाद्यातली पूड माणसाला द्यायची नाही, असं डॉक्टरांनी सुनेला खडसावलं आणि आबांना माणसांसाठी बनवलेली पूड नि पचायला हलकं असं मुगाचं पातळ वरण लिहून दिलं. पण माझ्या लेखी तपास त्याच दिवशी संपला होता. त्या दिवशी ठाण्यातून निघताना आबा दारात थांबले, मागे न बघता म्हणाले, "सूनबाई, उद्यापास्नं मला सांगून घालत जा. आन् माझ्या संगंच जेवाया बस. तू बी वाळलीयस."

"व्हय, आबा," पदराआडून उत्तर आलं. त्या दोघांमधलं ते पहिलं बोलणं आमच्या ठाण्यात झालं.

तेव्हापासून घरातली भांडणं ठाण्यात आली की दरडावण्याआधी मी एक प्रश्न विचारायचो: तुमच्या घरात पहिली भाकरी कुणाच्या ताटात पडते?